पन्नास नंबरचं तेल

कुरुळीत पुतळाबाईंना तेल शिकवायला जाणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. त्यांचं माहेर खेडचं, घाण्याचं. वडिलांच्या घाण्याची करकर ऐकत त्या पाळण्यात झोपल्या आणि अक्षरओळख व्हायच्या आधी करडईचं तेल कुठलं नि जवसाचं कुठलं हे डोळे मिटून, नुसत्या बोटावर घेऊन सांगायला शिकल्या. अक्षरओळख पुढं फारशी झालीच नाही, पण त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. सही येत होती, आकडे कळत होते. बाकीचं वाचायला गावात मास्तर होता आणि त्याला सरकार पगार देत होतं.

तर अशा या बाईच्या दारात, बटाट्याचं एक पीक छप्पर फाडून आल्यावर, नवी कोरी मोटार उभी राहिली. फिरोजी रंगाची. ती घ्यावी असं त्यांच्या यजमानांना वाटत होतं की नाही, ते कुणी विचारलं नाही. तात्याबा हा शांत गडी. "बघा बाई," एवढंच म्हणाले. थोरला मुलगा भिमाजी पुण्यात जाऊन चालवायला शिकून आला आणि चाकण ते भोसरीपर्यंतच्या रस्त्यावर एका आठवड्यात असं एक गाव उरलं नाही, की ज्याला कुरुळीची मोटार ठाऊक नव्हती.

पण मोटार हौसेची होती, तशीच कामाचीही होती. पुतळाबाईंची एकुलती लेक इंद्रायणी पुनावळ्याला दिलेली. तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काही पुतळाबाईंनी काढलेली नाही. पण इंद्रायणीच्या सासूबाई, कौशल्याबाई, त्या रीतीच्या आड एक बैलगाडी उभी करून बसल्या होत्या. डोहाळजेवणाच्या दिवशी, भरल्या पंगतीत त्या म्हणाल्या, "विहीणबाई, इतक्या लांब गाडीचे हादरे खात माझी सून न्यायची न्हाई. आमी हितंच करू बाळंतपण. तुमी या की बघायला."

बघायला! पाहुण्यासारखं! पुतळाबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"शनिवारी सकाळी मोटार येईल," त्या म्हणाल्या. "आमची. पाण्यानं भरलेला तांब्या मांडीवर ठेवून बसा, थेंब सांडला तर लेक ठेवून घ्या."

"बाराच्या आत या हां," कौशल्याबाई गोड हसून म्हणाल्या. "बाराला अमावस्या लागती. पुढं पौष. पौषात लेक हलवत न्हाईत, आणि पौष सरला की आठवा सरत आला म्हणून मीच हलवू देणार न्हाई."

म्हणजे शनिवारी बाराच्या आत, नाहीतर नाहीच. हे डोहाळजेवण गुरुवारी झालं. मध्ये एक शुक्रवार उरला. एवढ्याशा एका दिवसात माणूस काय काय करून ठेवू शकतो, हे पुढं ऐका.

शुक्रवारी सकाळी भिमाजी मोटारीचं इंग्रजी पुस्तक घेऊन आईपुढं उभा राहिला. "आई, मास्तर म्हणतोय, पहिल्या पाचशे मैलांना इंजनातलं तेल बदलायचं असं लिवलंय. काट्यावर चारशे सत्तर झाल्यात. पुनावळे जाऊन-येऊन चौतीस. म्हंजे चार मैल जास्त व्हतील. आल्यावर बदलू."

"आल्यावर?" पुतळाबाई म्हणाल्या. "नव्या घाण्याचं पहिलं तेल आमी कधी तोंडात घातलं न्हाई. त्यात लाकडाचा भुसा असतो. तुझ्या इंजनात लोखंडाचा असंल. माझी लेक पहिलटकरीण, तिच्या खाली घाण तेलाची मोटार? आजच बदल. उद्या शनिवार. शनिवारी या घरात तेल इकत येत न्हाई."

हा नियम कुरुळीला पाठ होता. एकदा चुलत जावयानं शनिवारी गोड्या तेलाचा डबा भेट आणला, तेव्हा पुतळाबाईंनी जावयाला आत घेतलं आणि डब्याला रविवार उजाडेपर्यंत वेशीबाहेर बसवलं होतं.

तर तेल बदलायचं ठरलं. आता कुठलं?

हा प्रश्न पडायचा अवकाश, की शेजारचा गेनबा घोंगडी पांघरून, कानटोपी ओढून हजर झाला. गेल्या वर्षी विहिरीवर त्यानं तेलाचं इंजन बसवलं, तेव्हापासून पृथ्वीवरची सगळी यंत्रं आपली भाचरं असल्यासारखा तो बोलत असे.

"वयनी, तेल घट्ट पायजे," तो दात वाजवत म्हणाला. "पातळ तेलात काय ताकद? पातळ ताकानं कुस्ती मारलीय कुणी? माझ्या इंजनाला मी काकवीसारखं घालतो. आणि नंबर मोठा बघा. नंबर जितका मोठा तितका माल भारी."

हे पुतळाबाईंना पटलं. त्यांच्या घरात हलक्या नंबरचं काही येत नसे.

पण मास्तरानं घोळ घातला. पुस्तकात म्हणे एक तक्ता होता. हवा फॅरनहाइटच्या बत्तीस ते नव्वद अंशांत असेल तर वीस नंबरचं तेल, नव्वदच्या वर असेल तर चाळीस.

"म्हणजे आधी हवा मोजायला हवी," मास्तर म्हणाला.

"मोज की मग. हवा काय सांडलीय?"

मास्तरानं कालचं वर्तमानपत्र काढलं. "हे बघा, पुण्याचं तपमान छापून येतं. सकाळी अठ्ठेचाळीस, दुपारी चौऱ्याऐंशी. म्हणजे वीस नंबर."

आता, वाचकहो, गोष्ट इथंच संपली असती. मास्तर बरोबर होता, कागद बरोबर होता. पण पुतळाबाईंनी तो कागद दोन बोटांत, उंदीर धरावा तसा धरला.

"पुन्याची हवा?" त्या म्हणाल्या. "पुन्याच्या हवेवर माझी मोटार चालवू? आमच्या गावाला काय सोताची हवा न्हाई?"

मास्तरानं कागद परत घेऊन त्याची घडी घातली. गावाच्या अभिमानापुढं कुठल्या मास्तराचं चालतं!

मग भिमाजी चावडीवर गेला. तलाठ्यानं चष्मा पुसला. म्हणाला, गावाची पड जमीन सांगतो, लागवडीखालची सांगतो, गुरं सांगतो. हवेचा रकाना दप्तरात नाही. पावसाचं माप खेडच्या कचेरीत असतं. त्याच्यासारखंच हवेचंही असेल, पण त्यासाठी लेखी अर्ज लागेल आणि अर्जात हवा कोणत्या कारणासाठी हवी ते नमूद करावं लागेल. "मोटारीसाठी" असं लिहिलं तर अर्ज फेटाळला जाईल, कारण मोटार शेतीत मोडत नाही.

"बटाट्यावर घेतलीय," भिमाजी म्हणाला.

"मग बटाट्याची हवा म्हणून लिही. निकाल फाल्गुनापर्यंत येईल."

हे ऐकून पुतळाबाई तलाठ्याच्या सात पिढ्यांविषयी जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्यांनीच तोड काढली. पारा दुसरीकडे कुठं असतो? दवाखान्यात! चाकणच्या दवाखान्यातला सयाजी कंपौंडर सायकलवरून बोलावला गेला. वरच्या खिशात ताप मोजायची नळी खोचून तो आला, तेव्हा निम्मी कुरुळी अंगणात जमली होती.

"कुणाला ताप आहे?" सयाजीनं विचारलं.

"कुनाला न्हाई. गावाची हवा बघायची हाय."

सयाजी क्षणभर गोंधळला, पण इतक्या माणसांसमोर "हे माझं काम नाही" म्हणायला मोठं धैर्य लागतं. ते त्याला महिन्याच्या पगारात मिळत नव्हतं. नळी कुठं लावायची यावर चर्चा झाली. गेनबा म्हणाला, मोटारीच्या काखेत, म्हणजे पुढच्या चाकाच्या वर. पुतळाबाई म्हणाल्या, "हवेचं माप हवेत." मग ती दोऱ्यानं तुळशीवृंदावनावर लटकवली. दहा मिनिटं कुणी श्वास मोठा घेतला नाही, हवा बिघडू नये म्हणून.

सयाजीनं नळी डोळ्यापुढं धरली. तिरकी केली. पुन्हा धरली.

"एकशे दोन," तो म्हणाला.

अंगणात सगळे मार्गशीर्षाच्या गारठ्यात हातावर हात चोळत उभे होते. गेनबाची घोंगडी कानापर्यंत होती. तरीसुद्धा एकशे दोन हा आकडा ऐकल्यावर दोघा-तिघांना चक्क उकडू लागलं.

"बघ मास्तर!" पुतळाबाई म्हणाल्या. "तुझं पुनं चौऱ्याऐंशीवर अडलं. कुरुळी एकशे दोन!"

"पण पुतळाबाई, थंडी..."

"पारा खोटं बोलतो का? सरकारी हाय तो."

एकशे दोन म्हणजे चाळीस नंबर झालं. गेनबा म्हणाला, चाळीस आणायचं तर पन्नासच आणा, पुढं उन्हाळा हाय. भिमाजी चाकणला ज्योतीराम शेठच्या दुकानातून पन्नास नंबरचे डबे घेऊन आला. पुतळाबाईंनी झाकण उघडून थेंब अंगठ्यावर घेतला, बोटावर घासला. तेल बोटाला धरून बसलं, सोडेना. त्यांच्यातल्या घाण्यावरच्या पोरीला आतून काहीतरी टोचलं. वडील म्हणायचे, थंडीत तेलाला पळता आलं पाहिजे. पण एका बाजूला पुस्तक, पारा आणि सरकार. दुसऱ्या बाजूला एक अंगठा, तोही सहीपुरता शिकलेला. पुतळाबाई गप्प बसल्या. कुरुळीच्या आठवणीतली ही तिसरी वेळ.

जुनं तेल मोटारीखालच्या परातीत काढलं. त्याचं काय करायचं हे विचारावंच लागलं नाही. गेनबानं बैलगाडीच्या आसाला नेलं, आळीतल्या बायकांनी चौकटीच्या वाळवीला नेलं, आणि घटकाभरात परात चाटूनपुसून साफ. नवं तेल भरलं. भिमाजी इंजन चालू करून बघणार, तेवढ्यात पुतळाबाईंनी हात धरला. "आज न्हाई. उद्या लेकीला आणायच्या मुहूर्तावर पयला आवाज."

झालं. खड्डा खणून झाला होता, वर फुलंही वाहून झाली.

शनिवारी उजाडता उजाडता मोटारीला हळदकुंकू लागलं, चाकाखाली लिंबू गेलं. भिमाजीनं किल्ली फिरवली. मोटारीनं म्हाताऱ्या माणसानं उठताना काढावा तसा एक आवाज काढला आणि ती पुन्हा बसली. दुसऱ्यांदा तेवढाही नाही. भिमाजीनं पुढं येऊन हँडल घातलं. हँडल फिरेना. गेनबानं जोर लावला. हँडल जाग्यावर आणि गेनबा लिंबावर.

"खाली शेकोटी करा," गेनबा धोतर झाडत म्हणाला. "दोन गवऱ्या पेटवल्या की पघळंल."

"ती काय बाळंतीण हाय शेक द्यायला?" पुतळाबाई कडाडल्या. "आणि पेट्रोल भडकून उडाली म्हंजे? लेक आणायला जायचंय, अस्थी न्हाई!"

एव्हाना अंगण भरलं. काल हवेच्या मोजणीला जेवढे आले होते त्याच्या दुप्पट आले. मोटार घेतली तेव्हा तोंडावर गोड बोललेली सगळी माणसं आज अगदी मनापासून हळहळत होती आणि ती हळहळ पुतळाबाईंना सुईसारखी टोचत होती. त्या तरातरा आत गेल्या. निदान वेणी तरी नीट घालावी म्हणून कोनाड्यातली खोबरेलाची बाटली हातावर उलटी केली.

काही पडलं नाही. बाटलीत खोबरेल पांढरं धोंड्यासारखं थिजून बसलं होतं.

पुतळाबाई बाटलीकडे बघत राहिल्या. मग सावकाश बाहेर आल्या, बाटली भिमाजीच्या नाकापुढं धरली.

"मोटारीच्या पोटात हे झालंय," त्या म्हणाल्या. "तेल बदलायचं. आत्ता."

"पण आई," भिमाजी हळूच म्हणाला, "आज शनिवार."

अंगणात कुणीतरी खोकलं. जावयाचा डबा सगळ्यांनाच आठवला. पुतळाबाईंनी पदर खोचला.

"बैल जुंप," त्या म्हणाल्या.

"छकड्याला?"

"मोटारीला."

तात्याबांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा "बघा बाई" याच्या पुढं काही म्हणायला तोंड उघडलं आणि विचार करून मिटलं.

कुरुळी ते चाकण दोन-अडीच मैल. त्या सकाळी त्या रस्त्यावरून जे गेलं ते पाहिलेली माणसं अजून सांगतात. पुढं जुवाला सोनेरी गोंडे लावलेले खिल्लारी बैल, मागं साखळदंडानं बांधलेली फिरोजी मोटार, चाकापाशी मान खाली घालून भिमाजी, बाजूनं घोंगडीतला गेनबा "हिर्र हिर्र" करतोय, आणि मागच्या सीटवर, नऊवारी पैठणीत, नाकात नथ, पाठ ताठ, पुतळाबाई. पिंपरीच्या कारखान्यात पाळीला निघालेले चार गडी सायकलवरून उतरून हसू लागले.

"आत्याबाई, पेट्रोल संपलं का?"

"पेट्रोल पितात ती तुमच्यासारख्यांची वाहनं," काच खाली करून पुतळाबाई म्हणाल्या. "आमची कडबा खाती. जा, भोंगा व्हईल."

काच वर करून मात्र त्यांनी मनाशी रस्ता मोजला. हसणारे ते गडी पिंपरीला निघाले होते. तिथून काळेवाडी, काळेवाडीवरून पुनावळे. ही बातमी आपल्या आधी विहिणीच्या ओट्यावर पोचणार, हे त्यांना दिसत होतं.

चाकणच्या वेशीवर सयाजी कंपौंडर सायकलवरून आला. गळ्याला मफलर, हाताला मोजे, तोंडातून वाफ. पुतळाबाईंनी गाडी थांबवायला लावली, म्हणजे बैल.

"सयाजी, ती नळी दाव."

त्यानं खिशातून काढून दिली. पुतळाबाईंनी ती भिमाजीकडे दिली. भिमाजीनं वाचलं. "एकशे दोन."

"काल उन्हात एकशे दोन, आज दवात एकशे दोन," पुतळाबाई म्हणाल्या. "हिला दुसरा आकडा येतो का न्हाई?"

सयाजी पायानं माती उकरू लागला. "पारा वर चढला की आपणहून उतरत नाही, आत्याबाई. झटकावा लागतो. काल... झटकायचा राहिला. एवढी माणसं बघून मी जरा..."

"मग एकशे दोन कुनाचे?"

सयाजीनं मान वर केली. नजर फिरली आणि घोंगडीवर थांबली. "गुरुवारी गेनबांना ताप होता. त्यांच्या काखेतला."

बैलांनी सुद्धा मान वळवून गेनबाकडे बघितलं.

"म्हंजे," पुतळाबाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "माझ्या मोटारीत गेनबाचा ताप भरलाय!"

"वयनी, आता उतारलाय..."

"तुझा उतारला! हिचा कोन उतरवनार?"

ज्योतीराम शेठनं दुकानाची फळी नुकतीच काढली होती. बैल लावलेली मोटार दारात बघून त्यानं देवाला दोनदा हात जोडले. पुतळाबाई खाली उतरल्या.

"पन्नास नंबर परत घे, पातळ तेल दे."

"आत्याबाई, भरलेलं तेल परत? असा धंदा कुठं असतो?"

"इंजन एकदा सुद्धा फिरलं न्हाई. तुझं तेल आमच्याकडं एक रात्र पावनं व्हतं, जेवलं सुद्धा न्हाई. गाळून देते. बैलगाड्यांच्या आसाला विक, सोनं हाय. फरक उरला तर तू ठेव. मी आज तेल इकत घ्यायला आले न्हाई, आज शनिवार हाय. बदलून घ्यायला आले. बदलीला शनि आडवा येत न्हाई."

ज्योतीरामनं यावर शास्त्रात काय आहे ते आठवून पाहिलं. त्याला काही आठवेना. मागं गर्दी जमत होती आणि बैलांनी त्याच्या दारात शेण टाकलं होतं. तो "बरं" म्हणाला.

"आता वीस देऊ का तीस?"

"नंबर मला सांगू नको. नंबरानंच हे झालंय. ताट आण."

पितळी ताट आलं. पुतळाबाईंनी ते रात्रीचं दव पडलेल्या सावलीतल्या दगडावर ठेवलं. गार होऊ दिलं. मग काठाशी तीन थेंब ओळीनं टाकले, वीस, तीस, पन्नास, आणि ताट तिरकं धरलं. वीसचा थेंब धावत सुटला, पार दुसऱ्या काठाला गेला. तीसचा चालत निघाला. पन्नासचा जाग्यावर बसून राहिला, चावडीतल्या तलाठ्यासारखा. त्यांनी धावणारा थेंब अंगठ्यावर घेतला, बोटानं घासला, डोळे मिटले. पातळ होता, पण बोट बोटाला लागू देत नव्हता. मधे उभा राहत होता.

"हे," त्या म्हणाल्या. "पळतंय पण पळून जात न्हाई. हेच भर."

भिमाजीनं पन्नास नंबर काढलं. पुतळाबाईंनी ते स्वतः फडक्यातून डब्यात गाळून ज्योतीरामला मोजून दिलं. वीस नंबर भरलं. भिमाजीनं देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. मोटार एकदा शिंकली आणि गुरगुरू लागली. सोडून ठेवलेले बैल दचकून बाजूला झाले, तसे गेनबानं ते घराकडं हाकले. गर्दीतून कुणीतरी टाळी वाजवली. मास्तर होता तो, चाकणला आठवडी सामान न्यायला आलेला. पुतळाबाईंनी त्याला जवळ बोलावलं.

"पुस्तकात काय लिवलं व्हतं रं? वीस?"

"वीस," मास्तर म्हणाला. आणि लगेच पिशवी उचलली. शहाणा माणूस.

"बरं लिवलंय," पुतळाबाई म्हणाल्या. "लिवनारा घाण्यावरचा असावा."

पुनावळ्याला मोटार पोचली तेव्हा अकरा वाजायला आले होते. कौशल्याबाई ओट्यावर उभ्या होत्या. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. ओठांवर असं हसू, की बातमी सायकलवरून पोचलीय हे कळायला विचारावं लागत नव्हतं. शेजारच्या चार बायका कपडे वाळत घालायचं निमित्त करून उभ्या होत्या. कपडे केव्हाच वाळले होते.

"या विहीणबाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "ऐकलं, तुमच्या मोटारीला बैल जुपावं लागलं म्हनं!"

इंद्रायणी दारात उभी होती. आईकडे बघून तिचा चेहरा एवढासा झाला. पुतळाबाई सावकाश मोटारीतून उतरल्या, नथ सारखी केली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं दोनी हायेत. अडलं तर बैल मोटारीला वढत्यात, आणि बैल थकलं तर मोटार बैलांस्नी इसावा देती. तुमच्याकडं यातलं एक तरी असतं, तर लेक न्यायला मला यावं लागलं नसतं. तुमीच आनून सोडली असती."

शेजारणींपैकी एकीच्या हातातलं लुगडं खाली पडलं.

"आता तो तांब्या आना," पुतळाबाई म्हणाल्या. "आणि तुमीच मांडीवर घेऊन बसा. वेशीपतुर सोडायला चला सुनेला."

कौशल्याबाई बसल्या. इतक्या बायकांदेखत नाही कसं म्हणणार? भिमाजीनं मोटार पुनावळ्याच्या वेशीपर्यंत अशी नेली, की इंजनाचा आवाज पोथी वाचल्यासारखा एका लयीत चालला. तांब्यातलं पाणी काठाशी डुगडुगलं, पण सांडलं नाही. वेशीवर उतरताना कौशल्याबाईंनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग, बराच विचार करून, मोटारीच्या दारावरूनही फिरवला.

"गुळगुळीत हाय," त्या म्हणाल्या.

"तेल चांगलं हाय," पुतळाबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर, भोसरीच्या जवळपास, इंद्रायणी आईच्या खांद्यावर झोपली. भिमाजी हळूच म्हणाला, "आई, पाचशे झाले बघ."

पुतळाबाईंनी मान पुढं करून काट्याकडे बघितलं. आकडे त्यांना वाचता येत होते, तेवढे पुरेसे होते. मग त्यांनी अंगठा बोटावर घासला. सकाळचं तेल अजून लागून होतं.

"घरी गेल्यावर त्या पुस्तकात पेन्सिलीनं लिवून ठेव," त्या म्हणाल्या. "म्हनावं, कुरुळीला हवा मोजायची असंल, तर नळी नको. खोबरेलाची बाटली उलटी करून बघावी." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि खाली माझी सही घे."